कावीळ, पाणी आणि एका संशोधिकेची वाटचाल

स्मरणिकेसाठी विज्ञानविषयक लेख द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा आमच्या मनात प्रथम अवकाशयाने व उपग्रह आले. परंतु या विद्यालयाच्या वसतिगृहात ज्या विषयाने आम्हांला सर्वाधिक रात्री जागविले, तो विषय आकाशातला नाही. तो पाण्याच्या टाकीतला आहे. म्हणून आम्ही येथे कावीळ या रोगाविषयी आणि त्याचा माग काढण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे वेचणाऱ्या डॉ. विद्या अरणकल्ले या विषाणुशास्त्रज्ञ विदुषींच्या संशोधनाविषयी लिहिण्याचे योजिले आहे. त्यांची आमची भेट नाही. त्यांची आमची ओळख त्यांच्या शोधनिबंधांतूनच झालेली आहे, आणि एका शिक्षकाला तेवढी पुरेशी वाटते.

पालम, गंगाखेड या भागांत कावीळ हा शब्द ठाऊक नाही असे घर सापडणार नाही. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, की घरातील वडीलधारी मंडळी निदान करून मोकळी होतात. पुढचा मार्गही ठरलेला असतो. कोणी गळ्यात काड्यांची माळ घालून घेतो. माळ जसजशी लांबत पोटापर्यंत येते, तसतशी कावीळ उतरते असे मानले जाते. कोणी अमुक वारी तमुक गावी जाऊन हात धुऊन येतो. हाताखालचे पाणी पिवळे झालेले सर्वांना दिसते आणि रोग पाण्यावाटे निघून गेला, अशी खात्री पटते.

या दोन्ही प्रकारांचा उलगडा आम्ही आठवीच्या वर्गात दरवर्षी करून दाखवीत असू. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या निवळीत हात धुतले, तर धडधाकट माणसाच्या हाताखालचे पाणीही पिवळे होते. ओल्या काड्यांची माळ दोऱ्याने गुंफली, की काड्या सुकून आकसतात, गाठी सैल पडतात आणि माळ आपोआप लांबते. ती खुंटीला अडकवली तरी लांबतेच. आता खुंटीला कावीळ झाली असे कोण म्हणेल? मुले हसत. परंतु त्यानंतर एखादी मुलगी हमखास विचारी, ‘मग सर, माणसे बरी कशी होतात?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचे बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत आपल्याच शरीराच्या प्रतिकारशक्तीने बरे होतात, आणि त्याचे श्रेय माळेला मिळते, हे त्याचे उत्तर. मात्र सगळेच बरे होत नाहीत, आणि खरा विषय तेथूनच सुरू होतो.

१९८२ साली आम्ही आमच्या गावच्या शाळेत सातवीत होतो. आमचे थोरले बंधू आणि वहिनी दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेले होते. वहिनींना दिवस गेलेले असल्याने त्या फाल्गुनात एकट्याच परतल्या. महिन्याभराने त्यांना कावीळ झाली. तेव्हा त्यांना आठवा महिना होता. आजीने दृष्ट काढली, वडिलांनी जाणत्याकडून माळ आणली. माळ लांबत होती, वहिनी मात्र खालावत होत्या. आठव्या दिवशी त्या असंबद्ध बोलू लागल्या आणि नवव्या दिवशी परभणीच्या वाटेवर जीपमध्येच त्यांचा प्राण गेला. बाळही गेले. कोणत्या विषाणूने त्यांचा बळी घेतला, हे आज सांगता येणार नाही. त्यांचे रक्त तपासलेच गेले नाही. घरात मात्र ठरून गेले, की पांढऱ्या पायाच्या गर्भाने आईला नेले. या एका वाक्याचा दाह आम्हांला पुढे विज्ञानाच्या पदवीपर्यंत घेऊन गेला, असे म्हटल्यास ते खोटे ठरणार नाही.

पुष्कळ वर्षांनी आमच्या वाचनात आले, की त्याच १९८२ साली पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्थेचे शास्त्रज्ञ पुणे परिसरातील सर्वसाधारण माणसांच्या रक्ताचे नमुने जमवून ठेवीत होते. ही संस्था १९५२ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने विषाणू संशोधन केंद्र या नावाने सुरू झाली आणि १९७८ साली तिला आजचे नाव मिळाले. कर्नाटकातील क्यासनूर जंगलातील तापाचा विषाणू १९५७ साली या संस्थेने शोधला. नागपूर भागातील चांदीपुरा गावाचे नाव जगाच्या विषाणुशास्त्रात गेले, तेही १९६५ साली याच संस्थेच्या कामामुळे. डॉ. खोर्शेद पावरी या तिच्या पहिल्या महिला संचालक होत. अशा संस्थेच्या काविळीविषयक विभागात डॉ. अरणकल्ले यांचे संशोधन आकारास आले.

त्या संशोधनाचे मूळ दिल्लीच्या एका साथीत आहे. १९५५च्या पावसाळ्यात यमुनेला पूर आला, नदीने पात्र बदलले आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी शहराच्या पाणीउपशाच्या ठिकाणी मिसळले. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. विशेष असे, की त्याच पाण्याने विषमज्वराची साथ आली नाही. पाण्यात क्लोरीन घातले होते. ते जिवाणूंना पुरले, या रोगाच्या विषाणूला पुरले नाही. त्या वेळी सर्वांनी ही नेहमीची, आज जिला हेपटायटिस ‘ए’ म्हणतात ती कावीळ समजली. मात्र रुग्णांच्या रक्तद्रवाचे काही नमुने कोणीतरी जपून ठेवले. पंचवीस वर्षांनी, ‘ए’ आणि ‘बी’ या दोन्ही काविळींच्या चाचण्या उपलब्ध झाल्यावर, ते नमुने बाहेर काढण्यात आले. पावरी, श्रीनिवासन, प्रसाद हे पुण्याचे शास्त्रज्ञ आणि अमेरिकेतील रॉबर्ट पर्सेल व त्यांचे सहकारी यांनी १९८० साली जाहीर केले, की दिल्लीची साथ ‘ए’चीही नव्हती आणि ‘बी’चीही नव्हती. त्याच वर्षी काश्मीरमधील १९७८च्या साथीवरून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले. म्हणजे भारतीयांना शतकानुशतके मारणारा एक विषाणू होता आणि त्याला नावदेखील नव्हते. आमच्या वहिनी वारल्या तेव्हाही ते नव्हतेच.

न दिसणारा चोर पकडायचा कसा? येथे प्रतिकारशास्त्र विषाणुशास्त्राच्या मदतीस येते. रोगातून उठलेल्या माणसाच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार झालेली असतात. रुग्णाच्या विष्ठेचा गाळून घेतलेला अंश आणि बऱ्या झालेल्या माणसाचा रक्तद्रव एकत्र केला, तर प्रतिपिंडे विषाणूंच्या कणांना चिकटून त्यांचे पुंजके करतात. एकेकटा कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीही कचऱ्यात हरवून जातो. पुंजका मात्र ओळखता येतो. १९८३ साली रशियाचे मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अंश स्वतः पिऊन, कावीळ ओढवून घेऊन, आपल्याच विष्ठेत असे कण दाखविले होते. १९८८ साली डॉ. अरणकल्ले आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकी सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात भारतातील रुग्णांमधील अशाच कणांचा या काविळीशी असलेला संबंध प्रसिद्ध केला. माकडांवरील प्रयोगांची जोड त्याला होती. हे कण २७ ते ३४ नॅनोमीटर व्यासाचे. एका मिलिमीटरच्या रेषेवर ते तीस हजारांहून अधिक बसतील. दोन वर्षांनी, १९९० मध्ये, अमेरिकेत त्याची जनुकीय ओळख पटली आणि त्याला हेपटायटिस ‘ई’ हे नाव मिळाले.

भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे साधनही आहे, हे आपल्या विद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. पाण्यातील जीव पोटात जाऊ नयेत, त्यांची हिंसा होऊ नये, हा त्यामागील करुणाभाव. त्या फडक्याने कीटक अडतात, गाळ अडतो. तीस नॅनोमीटरचा कण मात्र कोणत्याही फडक्यातून, कितीही पदरी केले तरी, आरपार जातो. म्हणून करुणेला येथे उष्णतेची आणि क्लोरीनची जोड द्यावी लागते.

नाव मिळाल्यावर खरे प्रश्न सुरू झाले. हा विषाणू कोणाला, कोणत्या वयात गाठतो? येथे १९८२चे ते जपलेले नमुने उपयोगी पडले. दहा वर्षांनी, १९९२ मध्ये, पुन्हा नमुने घेण्यात आले आणि दोहोंची तुलना १९९५ साली डॉ. अरणकल्ले यांच्या निबंधात प्रसिद्ध झाली. ‘ए’ विषाणूची प्रतिपिंडे जवळपास सर्वच मुलांत अगदी लहान वयात आढळली. ‘ई’ची प्रतिपिंडे मात्र मुलांत क्वचितच दिसली, ती तारुण्यात वाढत जाऊन सुमारे चाळीस टक्क्यांपर्यंत पोहोचली. दोन्ही विषाणू पाण्यातून, सांडपाण्यातून पसरतात. तरीही एक बालपणात गाठतो आणि दुसरा तारुण्यात. या निष्कर्षाचा आपल्यासारख्यांना अर्थ असा, की ज्या वयात मुले दहावी-बारावी करून वसतिगृहातून बाहेर पडतात, कामाला जातात, मुलींची लग्ने होतात, त्या वयात त्यांच्यापैकी बहुतेकांच्या अंगी या रोगाविरुद्ध कोणतीही प्रतिकारशक्ती नसते.

आणि सर्वांत मोठा धोका गर्भवतींना असतो. इतरांत या काविळीने मरण क्वचित येते. परंतु गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत मृत्यूचे प्रमाण वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गर्भ सांभाळण्यासाठी स्त्रीच्या शरीरातील संप्रेरके आणि प्रतिकारव्यवस्था बदलतात, त्याचा यात वाटा असावा. पूर्ण उत्तर शास्त्राला अजून मिळालेले नाही. परंतु एवढे निश्चित, की यात गर्भाचा पाय पांढरा नसतो आणि आईचे नशीबही फुटके नसते. दोष पाण्याचा असतो. संसर्ग झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. तोवर कोपीजवळचा कालवा मागे पडलेला असतो, माणूस गावी परतलेला असतो, आणि त्या पाण्याची आठवणही कोणाला राहत नाही. ऊसतोडीहून परतलेल्या गर्भवतीला कावीळ दिसली, तर एक दिवसही न दवडता तिला मोठ्या दवाखान्यात नेले पाहिजे, हे वाक्य आम्ही पालकसभेत इतक्यांदा उच्चारले आहे, की काही पालक ते आमच्या आधी पूर्ण करतात.

डॉ. अरणकल्ले यांच्या आणखी एका कामाचा उल्लेख आवश्यक वाटतो. युरोपात हेपटायटिस ‘ई’चा एक प्रकार डुकराच्या अर्धकच्च्या मांसातून माणसांत येतो. आपल्याकडेही साथ आली, की डुकरे पाळणाऱ्या वस्तीकडे बोट दाखविण्याची चाल आहे. त्यांच्या गटाने २००२ साली पश्चिम भारतातील माणसांतील आणि डुकरांतील विषाणूंची जनुके ताडून पाहिली. माणसांतील विषाणू पहिल्या प्रकारचा निघाला, डुकरांतील चौथ्या प्रकारचा. म्हणजे येथल्या माणसांना होणाऱ्या काविळीचा उगम माणसांच्याच सांडपाण्यात शोधावा लागतो. एका वस्तीवरील शतकांचा आळ प्रयोगशाळेतील एका तक्त्याने उतरावा, ही घटना आम्हांला लहान वाटत नाही.

त्यांचे काम काविळीपुरतेच थांबले नाही. २००३ साली आंध्र प्रदेशात मुलांना मेंदूज्वराने ग्रासले. ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतील १८३ दगावली. त्यामागे चांदीपुरा विषाणू आहे, हे राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या ज्या पथकाने सिद्ध केले, त्यात त्या होत्या. २००६ साली चिकुनगुनियाने मराठवाडा कसा वाकविला, हे पालमच्या मंडळींना सांगावयास नको. धडधाकट माणसे भिंतीला धरून चालत होती, कापसाच्या वेचणीला घरटी एक माणूस मिळत नव्हता. महाराष्ट्रात १९७३ साली बार्शीला हा रोग येऊन गेला होता, त्यानंतर तो जणू विसरलाच गेला. बत्तीस वर्षांनी तो परत आला तेव्हा तो तोच आहे, की दुसरा? जपलेल्या जुन्या विषाणूंशी तुलना करून अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की पूर्वीचा विषाणू आशियाई कुळातला होता आणि नवा आफ्रिकी कुळातला. दिल्लीच्या रक्तद्रवाप्रमाणे येथेही जुना, जपून ठेवलेला नमुनाच उत्तर देऊन गेला. विज्ञानात शीतकपाटाचेही एक व्रत असते. आजच्या माणसाने न विचारलेल्या प्रश्नासाठी ते नमुना सांभाळून ठेवते.

हेपटायटिस ‘ई’ आणि ‘बी’ यांवरील एकत्रित लसीचा प्रयत्नही त्यांच्या गटाने केला. त्यासाठी विषाणूचे अंश स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म थैल्यांत भरण्याची पद्धत वापरली. पुढे भारती विद्यापीठातील संशोधन संस्थेतही त्यांनी काम केले. जगात या रोगावर पहिली लस चीनने २०११ साली संमत केली आणि २०२२ साली दक्षिण सुदानमधील बेंटियू येथील विस्थापितांच्या छावणीत साथ रोखण्यासाठी ती गर्भवतींसह अनेकांना देण्यात आली. ज्या माउलींना या रोगाने सर्वाधिक नेले, त्यांच्यापर्यंत लस पोहोचली, ही बातमी वाचली तेव्हा वहिनींना जाऊन चाळीस वर्षे झाली होती.

लस आपल्या दारी येईपर्यंत आपल्या हाती काय आहे? लेंडी नदीला पूर आला की गावांचा संपर्क तुटतो आणि विहिरीत वरचे पाणी उतरते. उन्हाळ्यात टँकर येतो आणि तो कोठून भरला हे कोणी विचारीत नाही. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. त्या वर्षी तर मिळेल ते पाणी गोड होते. अशा मुलखात शुद्ध पाण्याचा आग्रह ही चैन वाटते. परंतु वसतिगृहातील मुले एका टाकीचे पाणी पितात. तेथे एकाची चूक सर्वांच्या पोटात जाते. आमच्या वसतिगृहात टाकी महिन्यातून दोनदा धुतली जाते. टीसीएल पावडर टाकल्यावर अर्धा तास नळ सोडला जात नाही. ओटी टेस्टचा रंग एक विद्यार्थी आणि एक विद्यार्थिनी मिळून पाहतात व वहीत सही करतात. साथीच्या दिवसांत पाणी खळखळून उकळले जाते. शौचालय आणि पाण्याची टाकी यांतील अंतर तर बांधकामाच्या वेळीच भांडून वाढवून घेतलेले आहे. यात काही असामान्य नाही. दिल्लीत १९५५ साली हेच नीट झाले असते, तर २९ हजार माणसे पिवळी पडली नसती.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी पिऊन पाण्यावरचा माणसाचा हक्क प्रस्थापित केला. ते पाणी निर्धोक असावे, हा त्याच हक्काचा पुढचा भाग होय, असे आम्ही मानतो. आणि तो हक्क मागण्यासाठी पाण्यात काय आहे, हे कळणारी माणसे आपल्यातून तयार व्हावी लागतात.

म्हणून अखेरीस, या विद्यालयाच्या दहावीतील मुलींसाठी थोडे व्यवहाराचे. बारावी विज्ञानानंतर सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून घेता येते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत विद्यापीठाच्या मान्यतेने विषाणुशास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम चालतो. त्याची प्रवेशपरीक्षा असते. तिला आडनाव लागत नाही, तयारी लागते. आमच्या विद्यार्थिनींपैकी एखादी तेथवर पोहोचली, तर तिने एवढेच करावे: मराठवाड्यातल्या एखाद्या वाडीवर कावीळ झालेल्या बाईचे रक्त तपासणीला पाठविले जात आहे ना, याची आधी चौकशी करावी. ओटी टेस्टच्या वहीचा नवा खंड या वर्षी सुरू झाला आहे. पहिल्या पानावर सही आठवीतील एका मुलीची आहे.